हाजींची जहाजे कुठे गेली?

जोगेश्वरी पश्चिमेला एस. व्ही. रोडने ओशिवऱ्याकडे जाताना जुन्या फर्निचरचा बाजार लागतो. जुन्या वाड्यांचे खांब, शिसवी पलंग, उंच आरसे, पितळी कड्यांचे दरवाजे, मोडक्या खुर्च्यांचे ढीग. सिनेमावाले सेटसाठी सामान घ्यायला येतात, नवे घर घेतलेले लोक हौसेने येतात, आणि आमच्यासारखे काही जण घरातले जुने सामान विकता येईल का, हे विचारायला येतात.

आमची इमारत पुनर्विकासाला गेली आहे. नवे घर मिळेपर्यंत भाड्याच्या घरात राहायचे, आणि ते घर लहान. उपनगरात आज अशी हजारो कुटुंबे आहेत. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत जुन्या इमारती पाडल्या जात आहेत. त्यांच्या पोटमाळ्यांवर तीस-चाळीस वर्षे पडून असलेले सामान एका आठवड्यात खाली उतरते. मग घरात एकच प्रश्न असतो, काय ठेवायचे आणि काय द्यायचे?

आमच्या माळ्यावरून नानींची पत्र्याची ट्रंक खाली आली. हिरवा रंग, कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या, पुढे कुलपाची कडी. नानी ती घेऊन जहाजाने हजला गेल्या होत्या. हज १९७० च्या फेब्रुवारीत होता, जहाज जानेवारीत मुंबईहून सुटले होते. एवढे सगळ्यांना ठाऊक आहे. पण जहाज कोणते? मोठे मामू म्हणतात, "मोहम्मदी." खाला म्हणतात, "नाही, मुजफ्फरी." ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने इंग्रजीत जहाजाचे नाव लिहिलेले आहे, पण 'एस. एस.' आणि त्यापुढचा 'एम' एवढीच अक्षरे शिल्लक आहेत. दोन्ही नावे एमवरूनच सुरू होतात, त्यामुळे वाद काही मिटत नाही.

भंगारवाल्याने ट्रंक हातात धरून वजन अजमावले आणि किलोचा भाव सांगितला. त्याचे काही चुकले नाही, त्याच्या लेखी तो पत्राच. पण त्या दिवशी ट्रंक द्यायला मन झाले नाही. कपाटाचा भाव विचारायला आम्ही ओशिवऱ्याला गेलो, तेव्हा ट्रंकेचा विषय डोक्यात होताच.

एका दुकानात भिंतीला टेकवून ठेवलेली एक गोल खिडकी दिसली. जाड काच, पितळी चौकट, कडेने मोठे स्क्रू. शेजारी जाळी बसवलेला एक दिवा आणि फिक्या रंगाची, दोरी लावलेली जीवरक्षक कडी होती. आम्ही विचारले, "चाचा, हे जहाजाचे आहे ना?"

"होय, अलंगचा माल आहे."

"कोणत्या जहाजाचा?"

चाचा हसले. "बेटा, माल येतो. नाव नाही येत."

घरी परतेपर्यंत ते वाक्य डोक्यात फिरत राहिले. अलंग म्हणजे गुजरातेत भावनगरजवळचा समुद्रकिनारा. १९८३ पासून तिथे जहाजे तोडली जातात. भरतीच्या वेळी जहाज वेगाने किनाऱ्यावर चढवतात, ओहोटी लागली की ते चिखलात रुतते, आणि मग गॅस कटरने त्याचे तुकडे करतात. पोलाद रोलिंग मिलमध्ये जाते, त्याच्या सळया होतात आणि त्या सळयांवर नव्या इमारती उभ्या राहतात. पलंग, खुर्च्या, भांडी, दिवे, खिडक्या बाजारात येतात. कोणास ठाऊक, ज्या जहाजाने नानी जिद्द्याला गेल्या, त्याचे पोलाद आज एखाद्या इमारतीच्या स्लॅबमध्ये असेल.

पुढच्या रविवारी आम्ही मामूंना सोबत घेतले आणि जोगेश्वरीहून हार्बरची गाडी पकडली. मुंबईतही जहाजे तोडण्याची एक जुनी जागा आहे, रे रोडचा दारूखाना. ती जागा पाहायची होती, आणि १९७० मध्ये मामू नानींना निरोप द्यायला गेले होते तो परिसरही. अंधेरी, वांद्रे, माहीम मागे टाकून गाडी किंग्ज सर्कलवरून वडाळ्याकडे वळते. शिवडीपासून हवा बदलते. गोदामे, मालगाडीचे रूळ, बंदराच्या लांबलचक भिंती सुरू होतात. कॉटन ग्रीननंतर रे रोड.

स्टेशनवरून पूर्वेला उतरले की दारूखाना. नाव ऐकून मुलांना हसू आले. मामूंनी समजावले की इथली दारू म्हणजे बंदुकीची दारू, तिचा साठा या भागात असे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोखंडाची दुकाने आहेत. माणसाच्या मांडीएवढ्या जाड साखळ्या, नांगर, तारेचे दोर, पंप, इंजिनांचे सुटे भाग. समुद्र अगदी जवळ असूनही दिसत नाही, पत्र्याच्या शेडांनी तो झाकला आहे. तोडणीच्या आवारात बाहेरच्या माणसाला सोडत नाहीत, आणि ते बरोबरही आहे, तिथले काम धोक्याचे आहे. हे काम करणारे बहुतेक मजूर उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड अशा दूरच्या प्रांतांतून आलेले. जुन्या जहाजात तेल, वायू आणि ॲस्बेस्टॉस असते. पत्रा कापताना आग लागू शकते, पत्रा अंगावर पडू शकतो. जहाज वाचवावे असे म्हणताना या माणसांची रोजीही आठवावी लागते.

याच दारूखान्यात 'विक्रांत' तोडली गेली. ही भारताची पहिली विमानवाहू युद्धनौका. ब्रिटनमध्ये अर्धवट बांधून पडलेले 'हर्क्युलिस' हे जहाज भारताने १९५७ मध्ये विकत घेतले, आणि ४ मार्च १९६१ रोजी 'विक्रांत' नावाने ते नौदलात दाखल झाले. ३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली. पुढे काही वर्षे मुंबई बंदरात तिचे तरंगते संग्रहालय होते. आम्हीही एकदा मुलांना घेऊन रांगेत उभे राहून ती पाहिली आहे. कायमचे संग्रहालय करायचे खूप बोलले गेले, पण खर्च कोणी उचलायचा, हे ठरले नाही. २०१२ पासून जहाज लोकांसाठी सुरक्षित नाही म्हणून ते बंद झाले. मग लिलाव झाला, सुमारे ६० कोटी रुपयांना. ते थांबवावे म्हणून नागरिक हायकोर्टात गेले, सुप्रीम कोर्टात गेले. लोकांनी सह्या गोळा केल्या. काही उपयोग झाला नाही. २०१४ च्या नोव्हेंबरात तोडणी सुरू झाली. तिच्या धातूतले थोडे एका मोटारसायकल कंपनीने आपल्या गाडीसाठी वापरले, आणि थोड्या धातूचे एक स्मारक फोर्टमध्ये नौदल गोदीजवळ उभे आहे.

'विराट'चेही तेच झाले. २०१८ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने तिला सिंधुदुर्गात निवतीजवळ संग्रहालय करण्याची योजना मंजूर केली होती, अंदाजे खर्च ८५२ कोटी. पण २०२० च्या सप्टेंबरात तिला मुंबईहून अलंगला ओढून नेले. २०२१ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने तोडणीला स्थगिती दिली, तोवर जहाजाचा बराच भाग कापला गेला होता. एप्रिलमध्ये कोर्टाने याचिका फेटाळली.

श्रीमंत देशांनाही हे जड जाते. 'फ्रान्स' हे एकेकाळी जगातले सर्वांत लांब प्रवासी जहाज. ते १९६२ मध्ये प्रवासाला निघाले आणि शेवटी 'ब्लू लेडी' या नावाने २००६ मध्ये अलंगला आले. त्यातल्या ॲस्बेस्टॉसवरून आपल्या सुप्रीम कोर्टात खटला चालला, आणि २००७ मध्ये ते तोडायला परवानगी मिळाली. अमेरिकेचे 'युनायटेड स्टेट्स' हे १९५२ चे विक्रमी वेगाचे जहाज. ते वाचवण्यासाठी एका संस्थेने २०११ मध्ये ते विकतच घेतले. पण धक्क्याच्या भाड्याचा वाद कोर्टात गेला आणि जागा सोडावी लागली. २०२५ च्या फेब्रुवारीत ते फिलाडेल्फियाहून ओढून नेले, फ्लोरिडाच्या समुद्रात बुडवून माशांसाठी कृत्रिम खडक करण्याकरिता. वाचली ती मोजकीच जहाजे. अमेरिकेत लाँग बीचला 'क्वीन मेरी', दुबईत 'क्वीन एलिझाबेथ २', नेदरलँड्समध्ये 'रॉटरडॅम'. तिन्हींची हॉटेले झाली, म्हणजे जहाजाने स्वतःच्या जेवणाचा खर्च स्वतः कमवायचा. खाऱ्या पाण्यात उभे असलेले लोखंड रोज गंजते. पाण्याखालचा पत्रा तपासायला जहाज सुक्या गोदीत न्यावे लागते, आणि त्याचा खर्च कोट्यवधींत जातो. नुसत्या प्रेमाने जहाज तरंगत राहत नाही.

एवढे सगळे चहाच्या टपरीवर बोलून झाल्यावर मामूंनी विचारले, "या जहाजांसाठी लोक कोर्टात तरी गेले. आपल्या जहाजांसाठी कोण गेले?"

आम्ही गप्प झालो. कोणीच गेले नव्हते. कोणाला सुचलेही नव्हते.

आपली जहाजे म्हणजे मोगल लाइनची. 'बॉम्बे अँड पर्शिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी' १८७७ मध्ये मुंबईत स्थापन झाली, तीच पुढे मोगल लाइन झाली. त्याआधी कित्येक शतके हिंदुस्थानातले हाजी सुरतेहून, आणि आपल्या कोकणातून दाभोळहून निघत. वाफेची जहाजे आली आणि मुंबई हे हजचे मोठे बंदर झाले. १९३७ च्या सुमारास सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या सिंधिया कंपनीनेही हाजींसाठी जहाजे सुरू केली, 'एल हिंद' आणि 'एल मदिना'. दोन कंपन्यांत भाडे कमी करण्याची चढाओढ लागली. एका जैन उद्योजकाच्या स्वदेशी कंपनीची जहाजे मुसलमान यात्रेकरूंना मक्केच्या वाटेला लावत होती, हे आज किती जणांना माहीत आहे? ती दोन्ही जहाजे १९४४ मध्ये गेली. 'एल मदिना' बंगालच्या उपसागरात पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाले, आणि 'एल हिंद' १४ एप्रिलच्या मुंबई गोदीतल्या भयंकर स्फोटात नष्ट झाले. तो स्फोट झाला ती गोदी दारूखान्यापासून फार लांब नाही.

स्वातंत्र्यानंतर मोगल लाइन सरकारी शिपिंग कॉर्पोरेशनच्या ताब्यात आली आणि १९८६ मध्ये तिच्यात विलीन झाली. 'मोहम्मदी', 'मुजफ्फरी', 'इस्लामी', 'अकबर' ही नावे त्या काळी आपल्या घराघरांत माहीत होती. विमाने वाढली तशी जहाजे कमी झाली. १९९५ मध्ये मुंबई ते जिद्दा ही हजची फेरी बंद झाली. २०१८ मध्ये ती पुन्हा सुरू करण्याची बोलणी झाली, सौदी सरकारनेही होकार दिला. त्यानंतरही आपले हाजी विमानानेच जातात.

रे रोडहून पुन्हा गाडी धरून आम्ही मस्जिद बंदरला उतरलो आणि क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यापर्यंत चालत गेलो. मामूंचे पाय दुखत होते, पण त्यांनी टॅक्सी करू दिली नाही. समोर उभे राहून ते सांगू लागले.

"आम्ही गावाहून बारा जण आलो होतो, अम्मीला पोचवायला. हजला एकटी तीच जाणार, आणि पोचवायला सगळे घर. आठ दिवस इथेच मुक्काम. जिकडे बघावे तिकडे बिस्तरे, ट्रंका, तांदळाच्या पिशव्या. कोण मराठवाड्यातले, कोण बिहारचे, कोण हैदराबादचे. अम्मीने पहिल्यांदा इथे उर्दू बोलायची हिंमत केली. तोवर तिला आपली कोकणीच येत होती."

"जहाज सुटले तेव्हा?"

"तेव्हा लोक रडत होते. हजला गेलेला माणूस परत येईल असे धरून चालत नसत. अम्मीने सगळ्यांकडून माफी मागून घेतली होती, शेजारणीकडूनसुद्धा. देणे होते ते फेडून टाकले होते. जहाजाने भोंगा दिला आणि धक्क्यावरून तकबीरचा आवाज उठला. मग ते इतके हळू सरकले, की हलले कधी ते कळलेच नाही."

मुंबई ते जिद्दा सुमारे २,३०० सागरी मैल. त्या जहाजांना बारा ते पंधरा दिवस लागत. या दिवसांत काय होत असे? नानींनी आम्हाला लहानपणी सांगितलेले तुकडे तुकडे आठवतात. पहिले तीन दिवस उलट्यांनी कोणी उठले नाही. मग हळूहळू डेकवर जमात उभी राहू लागली. जहाज वळले की किब्ल्याची दिशाही बदलायची, म्हणून आधी खलाशांना विचारून घ्यायचे. खलाशी रत्नागिरीकडचे निघाले, तेव्हा नानींना माहेरचे कोणी भेटल्यासारखे झाले. एक म्हातारे हाजी वाटेतच अल्लाहला प्यारे झाले. जनाजाची नमाज डेकवर झाली आणि मय्यत समुद्राच्या हवाली केली. नानी हे सांगताना नेहमी थांबायच्या. जहाज यलमलमच्या जवळ आले की सूचना व्हायची. हिंदुस्थानातून समुद्रमार्गे जाणाऱ्यांचा मीकात तोच. मग सगळ्यांनी गुस्ल करून एहराम बांधायचा. "सकाळपर्यंत कोण शेठ, कोण मजूर ते कपड्यांवरून कळत होते. दुपारी काही कळेना," असे नानी म्हणायच्या.

आज विमानात हा प्रवास पाच-सहा तासांचा आहे, आणि ती अल्लाहची नेमतच आहे. वृद्धांना, आजाऱ्यांना सोपे झाले. जुन्या त्रासाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. आणि लोखंडाला पवित्र मानणे हेही आपल्या दीनमध्ये बसत नाही. कुरआनात समुद्रावर चालणाऱ्या जहाजांचा उल्लेख अल्लाहच्या निशाण्यांमध्ये वारंवार येतो, पण निशाणी पाहून निर्मात्याकडे वळायचे असते, तिची पूजा करायची नसते. म्हणून 'मोहम्मदी' किंवा 'अकबर' जपून ठेवायला हवे होते, असे आम्ही म्हणणार नाही. 'विक्रांत'साठी एवढे लोक झटले तरी ती टिकली नाही, तिथे आपली जहाजे कशी टिकली असती?

पण एक गोष्ट मनाला लागली. 'विक्रांत' गेली, तरी तिची हकीकत लिहिलेली आहे. केव्हा आली, केव्हा गेली, कोण कप्तान होते, सारे नोंदलेले आहे. आपल्या घरातून हजला गेलेल्या माणसाच्या जहाजाचे नाव मात्र पन्नास-पंचावन्न वर्षांत आपल्याच घरात हरवले. त्याला सरकार जबाबदार नाही, कोर्ट नाही आणि भंगारवालाही नाही. नानी आमच्यात कितीतरी वर्षे होत्या. आम्ही गोष्टी ऐकल्या, पण एकानेही वही घेऊन बसून लिहून घेतले नाही.

दाभोळला खाडीकाठी आदिलशाही काळातली एक देखणी मशीद आहे. तिची कथा कोकणात सगळ्यांना माहीत आहे. सांगतात की विजापूरची शहजादी हजला जायला दाभोळपर्यंत आली, पण समुद्राची वाट धोक्याची म्हणून तिला जाता आले नाही, आणि हजसाठी आणलेल्या पैशातून तिने ती मशीद बांधली. न झालेल्या एका सफरीची आठवण कोकणाने शेकडो वर्षे जपली. ज्या सफरी खरोखर झाल्या, त्यांचे काय?

जहाजाने हज केलेले शेवटचे लोक आज वयाच्या सत्तरीत, ऐंशीत, नव्वदीत आहेत. १९९५ मध्ये जो तिशीत होता, तोही आता साठी ओलांडून गेला. हे लोक मुंब्र्यात, कुर्ल्यात, जोगेश्वरीत, मीरा रोडला, कोकणातल्या गावागावांत आपल्याच घरांत आहेत. जहाज वाचवायला कोट्यवधी लागतात, त्यांची हकीकत उतरवून घ्यायला एक वही आणि दोन संध्याकाळी पुरतात. मोबाइल समोर ठेवून आवाज भरून घेतला तरी चालेल. जहाजाचे नाव काय, कोणत्या साली, सोबत कोण, मुसाफिरखान्यात किती दिवस, जेवायला काय, आजारी कोण पडले, परत येताना काय आणले, असे साधे प्रश्न विचारावेत. माळ्यावर जुना हज पास, जहाजाचे तिकीट, झमझमचा डबा, फोटो, जिद्द्याहून आलेले पत्र सापडले, तर इमारत पाडायच्या घाईत ते रद्दीत घालू नये. निदान फोटो काढून मागे नाव आणि साल लिहून ठेवावे.

आम्ही तेच केले. घरी आल्यावर ट्रंक पुसून घेतली, मामूंना समोर बसवले, आणि मुलीने वहीत लिहायला सुरुवात केली. पहिल्याच पानावर खालांचा फोन आला. त्यांचे म्हणणे अजून 'मुजफ्फरी'च आहे. मुलीने दोन्ही नावे लिहिली आणि पुढे प्रश्नचिन्ह काढले. १९७० च्या जानेवारीत या दोनपैकी एका जहाजाने आपल्या घरचे कोणी गेले असेल आणि ते निश्चित सांगू शकत असेल, तर जरूर कळवावे.

ट्रंक भाड्याच्या घरी आमच्यासोबत येणार आहे. जागा कमी आहे, म्हणून तिच्यात हिवाळ्याच्या रजया ठेवायचे ठरले आहे. ती वही वरच्या बाजूला राहील.